हाताला गुण
रात्रीची जेवणं उरकली तरी जामखेडच डोक्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली त्या दुष्काळी मुलखात आले आणि गावाचं आरोग्य त्यांनी गावातल्याच बायकांच्या हाती सोपवलं. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. जुलाबाने मलूल झालेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्याने पाजायचं, गरोदर बाईचं पोट तपासायचं, हे सगळं त्या शिकल्या. ज्या घरांनी त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिथूनच बोलावणी येऊ लागली. मला हेच सर्वांत मोठं वाटतं. औषधं काय, शहरातूनही आणता येतात. आज त्यांच्यासारखंच गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना मानधनासाठी रस्त्यावर बसावं लागतं, याचा फार राग येतो. रात्री-अपरात्री गाव पहिली हाक त्यांनाच मारतं, मग तालुक्याच्या बैठकीत त्यांना बोलू तरी द्या!