वाघूर: एका ओढ्याचा भूगोल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले आणि शाळेविषयी काय लिहावे याचा मी बरेच दिवस विचार करीत राहिलो. पहाटेची वंदना, पंगतीतील जेवण, अभ्यासिकेतील रात्री यांविषयी माझ्याहून चांगले लिहिणारे बांधव या अंकात आहेतच. मी एका ओढ्याविषयी लिहिणार आहे. कारण शाळेने मला जे दिले, ते मला त्या ओढ्यावरूनच नीट सांगता येते.

त्याचे नाव वाघूर. नकाशात ती नदी आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून ती उत्तरेकडे उतरते आणि जळगाव जिल्ह्यातून वाहत तापीला मिळते. आमच्या गावापाशी मात्र ती ओढाच होती. आषाढ-श्रावणात गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहणारी, मार्गशीर्षात घोट्याएवढी आणि होळीनंतर नुसता वाळू-गोट्यांचा पट्टा. दोन्ही बाजूंना कापसाची काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसाळ्यात ढेकळाढेकळांनी पात्रात कोसळणारी. तिला धरून ठेवीत ती करंज आणि उंबराची मुळे व निरगुडीची जाळी. पाणी आटले की वाळूत हातभर खड्डा खणायचा. त्याला झिरा म्हणतात. वरून कोरड्या दिसणाऱ्या पात्राच्या पोटात पाणी चालतच असते. वाळूने गाळलेले ते पाणी झिऱ्यात हळूहळू साचते. वाटीवाटीने हंडा भरण्यासाठी माय आणि आजी पहाटेच तेथे जाऊन बसत.

या पात्रात एक मोठा काळा खडक होता. खडकाच्या वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, खालच्या अंगाला आमचा. वर गुरे धुतली जात, कपडे धुतले जात आणि ते पाणी आमच्याकडे येई. खडकावर काही लिहिलेले नव्हते. लिहिण्याची गरजही नव्हती. पुढे गावात नळ आला, ती मनाई कोणी बोलून दाखवीनासे झाले. तरी माझी आजी अखेरपर्यंत खडकाच्या खालीच धुणे धूत असे. ‘वर चल’ म्हटले तर ती म्हणे, ‘मले इथलीच सवय हाये, बाबू.’

पाचवीत मी आपल्या वसतिगृहात दाखल झालो. भूगोलाच्या तासाला गुरुजींनी प्रत्येकाला आपापल्या गावच्या ओढ्याचा नकाशा काढायला सांगितला. माझा नकाशा त्या खडकापासून सुरू झाला होता. त्याच्या वर कोरा कागद. तिकडे मी कधी गेलोच नव्हतो. गुरुजींनी वही पाहिली. तांबड्या शाईची खूण केली नाही. कोऱ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी एवढेच विचारले, ‘याच्या वर काय आहे?’

त्या वर्षीची सहल अजिंठ्याला गेली. लेण्यांत शिरण्यापूर्वी गुरुजींनी आम्हाला समोरच्या डोंगरावर नेले. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, ती अशाच समोरच्या उंचीवरून. खाली वाघूर घोड्याच्या नालेसारखे वळण घेत होती. गुरुजी सांगत होते: ही डोंगररांग तापी आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. माथ्यावरचे दक्षिणेकडे कललेले पाणी गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते आणि उत्तरेकडे कललेले वाघुरीतून, तापीतून अरबी समुद्राला. एकाच ढगाचे हे पाणी.

हा सगळा डोंगर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, घट्ट थर पायरीसारखा पुढे राहतो; म्हणून दरीच्या शिरोभागी वाघूर एका उडीत न पडता टप्प्याटप्प्याने पडते. पडणारे पाणी दगडगोटे गरगरा फिरवीत खडकात कुंडे कोरते. त्या जागेला सातकुंड म्हणतात. खाली वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर येतो आणि तो काठ तासल्यासारखा उभा होतो. सुमारे 76 मीटर उंचीची अर्धवर्तुळाकार भिंत अशी उभी राहिली आणि त्याच भिंतीत पुढे 30 लेणी कोरली गेली. छिन्नी चालण्याआधी कड्याचा आकार ओढ्याने घडवून ठेवला होता.

त्यांतील जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, बहुतेक पाचव्या शतकातील वाकाटक काळातली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंचा वर्षावास असतो आणि वाघुरीला भर असतो तोही याच महिन्यांत. लेण्यांतून पात्रापर्यंत उतरणाऱ्या कोरीव पायऱ्यांचे अवशेष अजून दिसतात. भिंतींवरील चित्रांचा तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती हे रंग याच दख्खनच्या भूमीचे. निळा तेवढा अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा.

त्या पायऱ्या पाहताना मला आमचा झिरा आठवला. तेथे साचणारे पाणी याच दरीतून येत होते. म्हणजे खडकाच्या वर बसणारे आमचे गावही कुणाच्या तरी खालीच होते आणि त्या सर्वांच्या वर, उगमाशी, ज्यांच्या संघात जातीला स्थान नव्हते असे भिक्खू पाण्यात उतरत होते. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. ती नकाशानेच सांगितली.

पुढे 20 मार्च 1927 चा महाडचा इतिहास वाचला, तेव्हा एक फरक ध्यानात आला. तळ्यावर मनाई करायची तर कोणाला तरी समोर उभे राहून ‘नाही’ म्हणावे लागते. ओढ्यावर ‘तू खाली भर’ एवढे पुरते. निसर्गाच्या उताराआड माणसाची उतरंड लपून जाते आणि ती पाण्याइतकीच स्वाभाविक वाटू लागते. आजीला ती सवय वाटली, याचे मला आजही दुःख होते.

आज वाघुरीवर धरण आहे. जळगाव शहराला त्याचे पाणी मिळते. आमच्या गावापाशी मात्र वाळूचा बेसुमार उपसा झाला आहे. वाळू हे ओढ्याचे गाळणे आणि कोठारही. ती गेली की झिरा मरतो आणि काठच्या विहिरी खोल जातात. एके काळी कमरेएवढा दिसणारा तो खडक आता पुरुषभर उघडा पडला आहे. पाणवठ्याचा वर-खालीपणा मिटला, पण त्याबरोबर पाणवठाही मिटला, हे आपल्या पिढीला शोभणारे नाही.

म्हणून शाळेला एक विनंती आहे. दर वर्षी पाचवीच्या मुलामुलींना आपापल्या गावच्या ओढ्याचा नकाशा काढू द्यावा. आपण माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्यांना सुट्टीत उगमापर्यंत चालत न्यावे. झाडे, खडक, विहिरी, पाणवठे, वाळूचे खड्डे, सारे त्यात नोंदवावे. कोणाचा नकाशा मध्येच कोरा राहिला, तर माझ्या गुरुजींनी विचारलेला प्रश्न त्यालाही विचारावा.