जागा गेली कुठे?

परवा रविवारी आमच्या कॉम्प्युटरने अडून दाखवलं. पुतणीच्या मुलीच्या बारशाचे फोटो आले होते, ते ठेवायला गेलो तर डिस्क भरली आहे असा निरोप. चार जुने व्हिडिओ डिलीट केले. पुन्हा तोच निरोप. आणखी दोन केले. तरी तेच! माझ्यासारख्या एकट्या माणसाचं सामान ते किती असणार?

शेवटी भाच्याला फोन लावला. त्यानेच 2017 साली या मशीनवर उबुंटू बसवून दिलं होतं. म्हणाला, "मामा, काही डिलीट करू नका. आधी मोजू." मग त्याने ते काळं टर्मिनल उघडायला लावलं. त्याची मला आता भीती वाटत नाही. उलट बरं वाटतं, एक ओळ लिहायची आणि एक उत्तर घ्यायचं, तोंडी परीक्षेसारखं.

पहिली आज्ञा डीएफ, डॅश, एच. एच लावला की आकडे माणसाला वाचता येतील असे जीबी-एमबीत येतात. उत्तर आलं: एकूण 228 जीबी, वापरलेली 215, शिल्लक सव्वा, भरली शंभर टक्के. मी म्हटलं, "अरे, खोक्यावर तर 250 लिहिलं होतं!" तर म्हणे कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि ही आज्ञा 1024 च्या, शिवाय थोडी जागा व्यवस्थेलाच लागते. बरं, 215 आणि सव्वा मिळून 228 होतात का? तर पाच टक्के जागा डिस्क राखून ठेवते, ऐन वेळी अडायला नको म्हणून. हे मात्र पटलं. आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाटातही खडूचा एक डबा असाच कुलपात असायचा.

दुसरी आज्ञा डीयू. वाचकांत माझे दोन-तीन माजी सहकारी आहेत, त्यांना लगेच कळेल असं सांगतो. डीएफ म्हणजे खोलीच्या दारात उभं राहून "खोली भरली" म्हणणारे हेडमास्तर, आणि डीयू म्हणजे फळीन् फळी मोजत डेडस्टॉक रजिस्टर तपासणारे आपण. दर मार्चला ते काम माझ्याकडे असायचं. (भाचा म्हणाला, या दोन्ही आज्ञा युनिक्सच्या 1971 सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही आहेत. तेव्हा मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. म्हणजे माझ्याच पिढीच्या म्हणायच्या!)

डीयू, डॅश, एसएच, आणि पुढे तारा. प्रत्येक फोल्डरची बेरीज समोर आली. फोटो 41, व्हिडिओ 52, कुणाच्या तरी लग्नाची संपूर्ण सीडी दोनदा. सगळं मिळून 108. सिस्टीमचे पंचवीसेक धरले तरी 82 जीबीचा पत्ता नाही. रजिस्टर जुळेना.

"मामा, तारा टिंबवाल्यांना मोजत नाही," भाचा म्हणाला. ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं तो लपलेला असतो म्हणे. मग त्याने थोडी वेगळी डीयू सांगितली, ती टिंबवालेही मोजते. एका आत एक असे दोन-तीन फोल्डर उघडत गेलो आणि चोर सापडला. कचरापेटी! 71 जीबी. इतकी वर्षं मी समजत होतो की डिलीट म्हणजे गेलं. ते जात नाही. कोपऱ्यात सरकतं फक्त, आणि पेटी आपण रिकामी करेपर्यंत तिथेच राहतं.

"करा रिकामी," भाचा म्हणाला. पण तीस वर्षं डेडस्टॉक केलेला माणूस निर्लेखनाआधी एकदा बघतो. म्हटलं, "उद्या करतो," आणि फोन ठेवला.

बहुतेक सगळं कामातून गेलेलंच होतं. त्यात एक फोल्डर दिसला, 'गोष्टी' नावाचा. नऊ फायली, मिळून 212 एमबी. टाकलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर ती कुठून आली आणि कधी टाकली याची नोंदही राहते. ती उघडली. 19 ऑगस्ट 2018, संध्याकाळी सात बेचाळीस.

हा मी टाकलेला नव्हता.

तो रविवार मला आठवतो. नातू तेव्हा सहा वर्षांचा, तिकडे अमेरिकेत. त्याच्यासाठी हिने नऊ गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या, दर दुपारी एक. त्या दिवशी फोनवर त्याने ऐकल्या थोड्या, मग आईला इंग्रजीत विचारलं की हे कधी संपणार. आम्हाला ऐकू आलं. सूनबाई ओशाळली बिचारी, पोराचा तरी काय दोष. ही हसली. नंतर भाजी निवडताना एवढंच म्हणाली, "माझा आवाज फारच घोगरा येतो हो त्यात." मला वाटलं विषय संपला. मी फिरायला गेलो होतो, तेव्हा तिने तो फोल्डर टाकला असणार.

2021 मध्ये ती गेली. त्यानंतर मी घरभर तिचा आवाज शोधला होता. मुलाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये एक वाक्य सापडलं होतं, तेही बँडच्या आवाजात.

पहिली फाईल लावली. आधी खोकला. मग, "चालू झालं का हो?" आणि पलीकडून माझा आवाज, "हं, बोल." तिथेच बंद केली.

नातू आता मोठा झालाय, कदाचित ऐकेल. मुलाला तर आजच पाठवाव्यात असं वाटतं. पण तिने त्या स्वतःच्या हाताने टाकल्या होत्या, मला न सांगता. दोन दिवस याच विचारात आहे. मुलाशी दोनदा फोन झाला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचंच बोललो.

काल बाकीचा कचरा एकेक करून काढला. भाच्याचा फोन आला, "मामा, केली का रिकामी?" म्हटलं, "केली." त्याने खात्रीसाठी डीयू लावायला सांगितली. आकडा वाचून दाखवला, 212 एमबी.

"थोडं राहिलंय की," तो म्हणाला.

"असू दे," म्हटलं. बारशाचे फोटो मात्र नीट बसले. पुतणीला कळवलंय.