रीडिंग

कॉन्व्हेंटवाली आहे, मराठी सांभाळून घ्या! टीएनटी 15 ज्यूल, पीईटीएन 3 ज्यूल. किती आघाताने स्फोट होतो, तो तक्ता मी व्हायव्हासाठी घोकला. नंतर कळलं, वजन टाकून सहा प्रयत्नांत एकदा जरी स्फोट झाला तर ती सगळ्यात कमी ऊर्जा म्हणजे हा आकडा. कण बारीक-जाड झाले, ओलावा बदलला, की आकडाही हलतो.

2010 साली अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात विद्यार्थ्यांनी पाहिलं होतं, थोडंसं ओलं रसायन आघाताने पेटत नाही. त्या भरवशावर एकदम 10 ग्रॅम बनवलं. खलात ढवळताना उडालं. एकाची तीन बोटं गेली.

आणि मी? काल रात्रीच सीनियरच्या जर्नलमधून सगळी रीडिंग्ज उतरवली, दोन-तीन ठिकाणी दशांश बदलून.