पुरे म्हणजे किती?

आमच्या वऱ्हाडात "पुरे" ह्या शब्दाला तीन अर्थ आहेत. पहिल्यांदा म्हटलं तर "वाढा". दुसऱ्यांदा म्हटलं तर "लाजतोय बिचारा". आणि तिसऱ्यांदा, ताटावर अक्षरशः आडवं होऊन दोन्ही हातांनी म्हटलं तर... "बरं, अर्धीच घ्या!" इंजिनिअरिंगला टीसीपीचं थ्री-वे हँडशेक शिकवलं तेव्हा वर्गातली अर्धी पोरं गोंधळली होती. मला मात्र एका झटक्यात कळलं. अकोल्याच्या मामीकडे जेवलेल्या माणसाला प्रोटोकॉल काय शिकवता!

पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. पण मंडळी, ह्या आग्रहामागे हिशेब आहे. कापूस आणि ज्वारीचा कोरडवाहू मुलूख. पाऊस आला तर पीक, नाहीतर बोंब. घरात पुरण शिजायचं वर्षातून मोजक्या वेळा. त्या दिवशी पोटाला तडस लागेपर्यंत खाणं हा शहाणपणाच होता, कारण पुढचा असा दिवस कधी येईल ते कोणाला माहीत? "घ्या ना जी" म्हणजे यजमान सांगतोय, की आज आपण मोजायचं नाही. आजोबांच्या काळी हे बरोबर होतं. ते दिवसभर वखरामागे चालायचे. बाबांनी मात्र तीस वर्षं खुर्चीवर बसून नोकरी केली आणि पुरणपोळी आता दर रविवारी मिळते. इनपुट बदललं, कोड तोच राहिला.

परिणाम काय? दोन वर्षांपूर्वी बाबांचं एचबीएवनसी ८.२ आलं. ६.५ च्या वर गेलं की मधुमेह. ते काही एकटे नाहीत म्हणा. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी लोक त्या उंबरठ्यावर आहेत असा अंदाज होता. पण १०.१ कोटी हा आकडा वाचून झोप उडत नाही. ८.२ वाचून उडते.

तेव्हापासून मी डोकं खाजवतोय, की माणसाला "पुरे" कळतं कसं? आमच्या अमरावतीच्या घरी गच्चीवर टाकी आहे. ती भरल्याचं कधी कळतं? खाली अंगणात पाणी पडायला लागलं की! पोटाचंही तसंच आहे. जठर ताणलं जातं, आतड्यांतून हार्मोन्स सुटतात, निरोप मेंदूपर्यंत जातो आणि पोट भरल्याची जाणीव पक्की व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. आमच्या पंगतीत वीस मिनिटांत माणूस पाटोडीचा रस्सा, वडाभात आणि चार पोळ्या संपवून हात धुवायला उठलेला असतो. फीडबॅकला उशीर असला की सिस्टीम ओव्हरशूट होणारच. कंट्रोल सिस्टीमचा पहिला धडा.

पण एक सिग्नल आधी येतो. एकच पदार्थ खात गेलं की त्याची गोडी घासागणिक उतरत जाते. त्यावर १९८० च्या दशकात बरंच संशोधन झालंय. पहिली पोळी डोळे मिटून खाल्लेली असते, तिसरी मोबाईल बघत. जीभ तिथेच सांगत असते, आपलं लक्ष नसतं. (पोट भरल्यावरही गुलाबजामला जागा होते ती ह्याचमुळे. पदार्थ बदलला की मीटर परत शून्यावर!)

पिण्याची गोष्ट आणखी वाईट. तिथे सेन्सरच आधी बंद पडतो. "पुरे" ठरवणारा मेंदूच पहिला झिंगतो. शुक्रवारी रात्री टीममध्ये एक वाक्य हमखास येतं, "मी फक्त बिअर घेतो रे, तुझ्यासारखी व्हिस्की नाही." जरा गणित करू. तीस एमएल व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. साडेसहाशे एमएलच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये ४१ ग्रॅम. म्हणजे एक बाटली बरोबर चार स्मॉल! आणि लिव्हर तासाला साधारण एवढाच एक स्मॉल निपटवतं. सिंगल थ्रेडेड आहे बिचारं, लिंबूपाणी पाजून त्याचा स्पीड वाढत नाही. बरं, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितलं, की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. म्हणजे इथे "पुरे"ची रेघ शून्यापाशीच सुरू होते.

अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूर लागतं. (हाच तो रस्ता, २०२२ साली सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज रेकॉर्ड झाला तो.) मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गाडगेबाबा वाढले. त्यांचे वडील दारूपायी गेले, घर धुळीला मिळालं. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाची दारू-मटणाची पंगत मोडून गोडाचं जेवण दिलं. जातभाई रागावले असणारच. तरी पंगत रद्द केली नाही, फक्त ताटातलं बदललं. हे मला फार आवडतं. आणि हातात सदैव ते गाडगं. त्यात मावेल तेवढंच घ्यायचं. माप स्वतःबरोबर घेऊन फिरणारा माणूस!

मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा हेच डोक्यात होतं. बाबा त्या घरचे जावई. त्यांना वाढू नका म्हणणं म्हणजे मामीचा अपमान, आणि न सांगणं म्हणजे... असो. मी मामाला म्हटलं, बाबांना वाढपात घ्या. मामा उखडला, "जवायाले बादली देऊ? येडा झाला का बे?" बाबांनी ऐकलं आणि काही न बोलता तुपाचं भांडं उचललं.

दीड तास ते पंगतीत फिरत होते. शेवटी जेवायला बसले ते वाढप्यांबरोबर, सावकाश. मामी पोळी घेऊन आल्याच, "भाऊजी, काईच त खाल्लं नाई तुमी!" बाबांनी एक घेतली. दुसरीला हात आडवा केला. मामी क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या.

पहिल्याच "पुरे"ला! वऱ्हाडात!

बाबांचं परवाचं एचबीएवनसी ७.१ आलं. त्यात गोळ्या आहेत, रोजचं चालणं आहे. पण ते दुसऱ्या पोळीवर आडवं धरलेला हातही मोजतात. मीही मोजतो.