‘भ’ की ‘म’?

दसऱ्याला आमच्या घरी नवा संगणक आला. एवढ्याशा गोष्टीवर दिवाळी अंकात लिहावे की काय, असा प्रश्न मलाही पडला होता. शेजारी ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी नांगरटीला सुरुवात केली. पण मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ट्रॅक्टर घेणारा नांगरतो आणि संगणक घेणारा मराठीचा प्राध्यापक लेख लिहितो. ज्याची त्याची नांगरट वेगळी.

खरे म्हणजे संगणक ठरवायला दहा मिनिटेही लागली नाहीत. पेटी कोणती, तिच्या पोटात काय काय असावे, हे माझ्या अकरावीतल्या मुलीने एका कागदावर लिहून दिले होते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या दुकानात द्यावी तसा मी तो कागद पुण्याच्या एका दुकानात नेऊन दिला. अडले ते पडद्यापाशी. दुकानदाराने दोन पडदे शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. एक चोवीस इंची, साधा, ज्याला ‘फुल एचडी’ म्हणतात तो. किंमत साडेआठ हजार. दुसरा सत्तावीस इंची, दाट ठिपक्यांचा, ‘फोर-के’. किंमत तेवीस हजार. साध्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके असतात. दाट पडद्यावर दोन्हीकडे दुप्पट, म्हणजे ३८४० आणि २१६०. एकूण हिशेब केला तर वीस लाखांच्या जागी सुमारे त्र्याऐंशी लाख ठिपके. मी ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि वरवंडला परत आलो. त्या विचाराला पुढे दोन महिने लागले.

विचार मी एकट्याने केला असता तर कदाचित लवकर झाला असता. पण मध्यमवर्गीय घरात तेवीस हजारांची वस्तू एकट्याने ठरवण्याची रीत नाही. सौ.चे म्हणणे सरळ होते. “साडेचौदा हजारांचा फरक आहे. तेवढ्यात गच्चीवरची टाकी बदलून होईल. वर्ष झालं, गळतेय.” मुलीला ठिपक्यांचे काही नव्हते, पडदा मोठा हवा, एवढेच तिचे मागणे. कॉलेजात वाणिज्य विभागाचे आमचे मित्र म्हणाले, “सर, तुम्ही काय त्याच्यावर सिनेमे बघणार आहात? मराठीच लिहायचं ना? मराठीला साधा पुष्कळ झाला.”

हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले. मराठीला सारे काही साधेच पुरते, असे आपले सगळ्यांचेच मत असते.

पदार्थविज्ञानाचे सहकारी मात्र हाडाचे शिक्षक. त्यांनी खडू उचलला आणि स्टाफरूममधल्या फळ्यावर आकडे मांडले. निकोप डोळ्याला दोन ठिपके वेगवेगळे दिसायचे असतील, तर डोळ्यापाशी त्यांच्यात एका अंशाचा साठावा भाग एवढा तरी कोन व्हावा लागतो. दोन फुटांवरून हे अंतर भरते मिलिमीटरचे सुमारे अठरा शतांश. चोवीस इंची साध्या पडद्यावरचा एकेक ठिपका सुमारे अठ्ठावीस शतांश मिलिमीटरचा असतो, म्हणजे दोन फुटांवर बसणाऱ्याला तो जाणवतो. सत्तावीस इंची दाट पडद्याचा ठिपका साधारण सोळा शतांशांचा, म्हणजे तो दिसेनासा होतो. “पण,” खडू झटकत ते म्हणाले, “तुम्ही खुर्ची मागे सरकवून तीन-सव्वातीन फुटांवर बसलात, तर साध्याचाही ठिपका दिसणार नाही. मग पैसे वाया.” हा सल्ला फुकट होता आणि अचूकही होता. सिनेमा पाहणाऱ्याने, आकडेमोड करणाऱ्याने तो जरूर मानावा. पण तीन फुटांवर बसून मुद्रिते तपासता येत नाहीत. आणि माणसाला चाळिशी लागते ती दोनदा, आधी वयाला आणि मग नाकाला. माझ्या दोन्ही लागून झाल्या आहेत.

मुद्रितांचा उल्लेख आला, तेव्हा आता ती गोष्ट सांगितलीच पाहिजे.

तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पुणे, लोणी काळभोर, यवत असे मुक्काम करीत आमच्या वरवंडला येते आणि दुसऱ्या दिवशी पाटसवरून रोटीचा घाट चढून उंडवडीकडे जाते. मुक्कामाच्या रात्री एक दिंडी आमच्या अंगणात उतरते. मला कळते तेव्हापासून उतरते आहे. तिची सगळी सरबराई आई करी. परातभर पीठ मळता मळता ती जात्यावरच्या ओव्या म्हणे आणि दिंडीतल्या बायका तिच्या सुरात सूर मिसळत. आई गेल्या वर्षी गेली. तिच्या तोंडच्या ओव्या मी कधीकाळी एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्यांची चाळीस पानी पुस्तिका करावी आणि यंदाच्या वारीला दिंडीतल्या प्रत्येकाच्या हाती द्यावी, असे मी ठरवले. जुळणी मीच केली, मुद्रिते मीच तपासली, दौंडला छापून घेतली. प्रती दीडशे.

पालखीच्या आदल्या रात्री गठ्ठे घरी आले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वरची प्रत घेतली, भिंग काढले आणि पहिले पान वाचायला घेतले. त्या पानावर आईविषयी मी चार ओळी लिहिल्या होत्या. ‘तिने आम्हा चौघा भावंडांचे भरणपोषण केले,’ असे त्यातले एक वाक्य होते. अण्णा बराच वेळ त्याच पानावर होते. मग त्यांनी पुस्तिका मिटली, “चांगली झालीय,” म्हणाले आणि मला झोपायला पाठवले.

पहाटे मला जाग आली तेव्हा ओसरीवर दिवा होता. अण्णा मांडी घालून बसले होते. एका हाताला न उघडलेल्या प्रती, दुसऱ्या हाताला बंद केलेल्या, मध्ये दाढीचे पाते आणि काळे पेन. ‘भरणपोषण’च्या जागी ‘मरणपोषण’ छापले गेले होते. ‘म’च्या डोक्यावरची डावी अर्धी रेघ पात्याने हलकेच खरवडायची, तिथे पेनाने बारीक गाठ काढायची, फुंकर घालायची आणि प्रत बाजूला ठेवायची. एकशे चाळीसच्या वर झाल्या होत्या. मी शेजारी बसलो. ते मला काही बोलले नाहीत. अजूनही बोललेले नाहीत.

आता दोष कोणाचा म्हणायचा? बोट चुकले माझे, आणि चुकलेले तीन वेळा वाचूनही दिसले नाही तेही मलाच. माझा जुना पडदा साडेअठरा इंची, आडव्या ओळीत १३६६ ठिपक्यांचा होता. त्याच्यावर सगळा दोष ढकलणे हा भेकडपणा होईल. पण त्या सकाळी मी तोच मजकूर त्याच पडद्यावर पुन्हा काढून पाहिला आणि थक्क झालो. चूक ठाऊक असूनही मला ती दिसायला डोळे बारीक करावे लागले.

असे का व्हावे, याचा मी मग शोध घेतला. नेहमीच्या बारा पॉइंटांच्या अक्षराला साधा पडदा उंचीत सोळा ठिपके देतो. रोमन लिपीला ते ठीक पुरतात, कारण तिचे बहुतेक अक्षर एकमजली आहे. आपल्या देवनागरीचे घर तीनमजली. मध्ये मूळ अक्षर, वर शिरोरेषा आणि तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचे लोंबते पाय. हे सगळे बिऱ्हाड सोळा ठिपक्यांत बसवायचे! ‘मूर्तींची’ हा शब्द घ्या. त्यातल्या एका ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे जण दाटीवाटीने बसतात, जणू सणासुदीच्या एसटीत. आणि ‘भ’ व ‘म’, ‘ध’ व ‘घ’ यांच्यातला फरक किती? डोक्यावरच्या रेघेत एक फट आणि तिथे एक गाठ. साध्या पडद्यावर ती फट एखाद्या ठिपक्याची. तेवढ्यात आई आमचे भरण करते की मरण, हे ठरते. दाट पडद्यावर त्याच आकाराच्या अक्षराला उंचीत अठ्ठावीस ठिपके मिळतात. फट फटीसारखी दिसते.

अण्णांना हे सांगायला गेलो तर ते हसले. त्यांचे सारे आयुष्य त्या फटीत गेले होते. तीस वर्षे ते पुण्याच्या एका छापखान्यात जुळारी होते. पहाटे सायकलने केडगाव स्टेशन गाठायचे, पॅसेंजरने पुणे, रात्री परत. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. ते उलटे अक्षर अण्णा आपल्या सुलट्यापेक्षा भरभर वाचत. अखंड टाइप आणि डिग्री टाइप यांतला फरक त्यांनी मला लहानपणी शेंगदाणे मांडून समजावला होता. अखंडात मात्रेसकट अक्षर एकच ओतलेले, डिग्रीत अक्षर वेगळे आणि वरखालची चिन्हे वेगळ्या तुकड्यांची. “तुकडा घसरला की अनुस्वार शेजाऱ्याच्या घरी जातो,” असे ते म्हणत. पुढे संगणकावरची जुळणी आली, खिळे वितळवायला गेले आणि अण्णा दोन एकर उसाकडे परतले.

दसऱ्याच्या आठवड्यात मी त्यांना म्हटले, “अण्णा, तुम्हीच चला पुण्याला.” महामार्ग दाराशी असताना त्यांना जायचे होते ते केडगावहून रेल्वेनेच. स्टेशनाजवळ पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. तिथून जाताना अण्णा दर वेळी एकदा तरी म्हणतात, “इथं बाया जुळणी करायच्या.” ते खरेच आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि ते आश्रमातल्याच छापखान्यात, आश्रमातल्या स्त्रियांच्या हातांनी जुळवून छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रिते तपासत होत्या असे सांगतात. टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली. त्यांना आधी अक्षरओळख झाली आणि मग त्यांच्या हाती खिळे आले. त्यांच्या वेळी ‘भ’ आणि ‘म’ बोटांना कळत असतील.

दुकानात पोचलो. तिथल्या तरुणाने दोन्ही पडद्यांवर धबधबे सोडले, पोपट उडवले. दाट पडद्यावरच्या पोपटाचे पीस न् पीस मोजता येत होते. अण्णा दोन मिनिटे सभ्यपणे थांबले आणि म्हणाले, “पोपट राहू दे, बाळा. अक्षर दाखव.” त्याने इंग्रजी उघडले. “मराठी.” बिचारा गोंधळला. मग मीच पुढे होऊन मराठी काढली. विंडोजबरोबर ‘मंगल’ नावाचा टंक मिळतो, त्याची अक्षरे आपल्या र. कृ. जोशी यांनी आखलेली. कवीने आणि सुलेखनकाराने आखलेली अक्षरे जगभरच्या यंत्रांत जाऊन बसली आहेत, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. अण्णा सांगू लागले आणि मी दोन्ही पडद्यांवर टंकू लागलो. ‘मूर्तींची’. ‘ऱ्हास’. ‘कर्तृत्व’. मग नुसतीच अक्षरे : घ, ध, भ, म. मग ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “भरणपोषण लिही.”

अण्णांनी खिशातून भिंग काढून साध्या पडद्याला लावले. दुकानातला तरुण बघतच राहिला. “ह्याच्यात तर काड्या आहेत रे. तांबडी, हिरवी, निळी.” प्रत्येक ठिपक्याच्या पोटात त्या तीन काड्या असतातच. मग भिंग दाट पडद्याला लावले. तिथे काड्या बारीक, आणि ‘भ’ची कड जवळजवळ छापल्यासारखी. भिंग खिशात ठेवून ते मागे सरले, दोन्ही पडद्यांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिले. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्यात पिकतो आहे.

“मला दोन्ही सारखेच दिसतात,” ते म्हणाले. “मला आता अक्षर मोठं लागतं, दाट नाही. माझ्यासाठी घेऊ नकोस. तुला फरक दिसतो का?”

“दिसतो.”

“मग विचारतोस काय?”

घरी आल्यावर पहिली संध्याकाळ फजितीची गेली. पडद्यावर सगळी अक्षरे मुंग्यांएवढी! ठिपके बारीक म्हणून अक्षरेही बारीक. मुलीने कुठेसे जाऊन मापन १७५ टक्के केले तेव्हा ती माणसांत आली. मग बाण अडखळत सरकू लागला. काटकसरीच्या सवयीने मी जुनीच एचडीएमआय तार लावली होती. तिच्यातून चित्र सेकंदाला साठऐवजी तीसच वेळा बदलत होते. पेटीतली नवी तार लावली, बाण सरळ चालू लागला. माझी जुळणीची जुनी आज्ञावली मात्र या पडद्यावर धुरकटच दिसते. तिला दाट ठिपक्यांची भाषा कळत नाही, आणि नवी घ्यायला आता पैसे नाहीत. मी जुळणी जुन्यातच करतो, त्याचे पीडीएफ काढतो आणि वाचतो ते पीडीएफ. एवढे सव्यापसव्य करायची ज्याची तयारी नसेल, त्याने साधा पडदा घेऊन टाकी बदलावी, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आमची अजून गळते आहे.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती आता तयार होते आहे. रात्री जेवणे झाली की अण्णा माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि डोळे मिटून घेतात. छापखान्यात एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने प्रत पडताळायची, ही जुनी पद्धत. वही त्यांना दिसत नाही, पण आईच्या ओव्या त्यांना पाठ आहेत. मी पडद्यावरून अक्षर न् अक्षर वाचतो. रफार, दीर्घ, टिंब. कुठे चुकले तर ते मांडीवर बोट आपटतात.

काल पहिल्या पानापाशी आलो. ‘भरणपोषण’ या शब्दावर मी थांबलो. अण्णांनी डोळे न उघडताच विचारले, “फट आहे?”

“आहे.”

“वाच पुढं.”