मीठ, सोडा आणि बाळ

आमच्या क्लायंटकडे लीड्सला एक टेस्टर आहे. कॉलवर खोकल्याची उबळ आली की म्यूट होते, मग "सॉरी" म्हणून पुन्हा आमच्या कोडची चिरफाड सुरू. आपल्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे हे तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, आपण 'मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे' म्हणतो तितक्या सहज. २०२१ मध्ये तिला दिवस गेले आणि सगळ्यात मोठा धक्का तिलाच बसला. मूल होणं कठीण आहे असं तिला सोळाव्या वर्षीच सांगितलं होतं. मग काळजी घ्यायची कशाला?

हे ऐकलं आणि माझा अख्खा शनिवार वाचण्यात गेला.

घोळ सगळा एका जीनचा. नाव सीएफटीआर. १९८९ मध्ये तो सातव्या गुणसूत्रावर सापडला. त्यावरून १४८० अमिनो आम्लांचं एक प्रोटीन बनतं आणि सर्वात जास्त आढळणाऱ्या बिघाडात त्यातलं ५०८ नंबरचं एकच गळालेलं असतं. (एक सेमीकोलन विसरला की बिल्ड बोंबलतो ना, तसंच.) हे प्रोटीन म्हणजे पेशीच्या भिंतीतलं दार. मिठातलं क्लोराइड त्यातून जातं आणि त्यामागोमाग पाणी. दार बिघडलं की फुफ्फुसातला कफ चिकट होतो आणि घाम जास्तच खारट.

पण ही शेअर्ड लायब्ररी आहे, एकच कोड दहा ठिकाणी वापरलेला. पुरुषांत शुक्रवाहिन्याच बनत नाहीत, त्यामुळे जवळजवळ कुणालाच उपचारांशिवाय मूल होत नाही. बायकांत मात्र गर्भाशय, नलिका सगळं जागच्या जागी. म्हणून त्यांचं प्रकरण 'गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट असतो' एवढ्यावर उरकलं जायचं. ते खरंच आहे. एरवी पाळीच्या मध्यावर हा स्राव पातळ होतो, इथे तो घट्टच राहतो आणि स्पर्म अडकतात. वजन कमी असलं तर बीजांड सुटण्याचंही वेळापत्रक बिघडतं.

मला खरी गंमत वाटली ती सोड्याची. त्याच दारातून बायकार्बोनेटही जातं. हो, आपल्या खायच्या सोड्यातलंच! स्पर्म फलनासाठी तयार होतात ते बाईच्या शरीरात पोचल्यावर, आणि त्याला बायकार्बोनेट लागतं. गर्भाशयाच्या अस्तरातून ते सोडण्यात सीएफटीआरचा हात आहे, हे हाँगकाँगच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. २०१२ मध्ये ते आणखी पुढे गेले. उंदराच्या दोन पेशींच्या गर्भात हेच बायकार्बोनेट आत शिरून एका छोट्या आरएनएचा स्विच ऑन करतं. दार बंद केलं तर स्विच लागत नाही, पी५३ नावाचा ब्रेक जोर धरतो आणि वाढ अडखळते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. शिवाय गर्भात बाबांकडची चांगली कॉपी बहुधा असतेच. पण माणसाच्या गर्भाचे स्वतःचे जीन नीट जागे होतात ते तिसऱ्या दिवसाच्या आसपास. तोवर सगळा संसार आईने बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवर!

आणि मग आलं ते औषध. अमेरिकेत २०१९ मध्ये ट्रायकाफ्टा, युरोपात २०२० मध्ये काफ्ट्रिओ. ते दार दुरुस्त करतं. दिलं फुफ्फुसांसाठी, पण दार सगळीकडचंच उघडलं. अमेरिकेच्या पेशंट रजिस्ट्रीत २०२० मधल्या गरोदरपणांची संख्या २०१९ च्या जवळपास दुप्पट झाली. त्यातली कित्येक न ठरवता.

माझा राग इथेच आहे. 'शक्यता कमी' आणि 'शक्यता शून्य' यातला फरक त्या पोरींना कुणी समजावला होता? दहा हजारात एकदा येणारा बग शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर येतोच, हे आम्हाला माहीत असतं. पण बाईच्या बाबतीत आपल्याकडे काय नि तिकडे काय, दोनच कप्पे: होणार किंवा नाही होणार.

आता प्रश्न वेगळा आहे. नऊ महिने गोळी चालू ठेवायची का? बंद केली तर आईची फुफ्फुसं ढासळू शकतात. चालू ठेवली तर औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं. बहुतेक जणी डॉक्टरांशी बोलून चालू ठेवतात. आणि २०२२ मध्ये तर उलटीच केस छापून आली. आईला आजार नव्हता, ती नुसती वाहक होती. आजार पोटातल्या बाळाला होता आणि त्याचं आतडं तुंबलेलं. गोळ्या आईने घेतल्या, आतडं बाळाचं मोकळं झालं.