कोडकच्या गावात

न्यूयॉर्कहून रॉचेस्टरला रेल्वेनं जायचं असेल तर डावीकडची खिडकी धरावी. ऑल्बनीपर्यंत हडसन नदी रुळांना लागून वाहत असते. पुढे गाडी पश्चिमेला वळते आणि शेतं, लहान गावं, पुन्हा शेतं असा दिवस सरतो.

मी कोडकच्या वस्तू जमवतो. कॅमेरे थोडे, त्यांच्याभोवतीचा पसारा जास्त: रिकामी खोकी, पत्र्याच्या पाट्या, फिल्मच्या खोक्यासारखे दिसणारे रेडिओ, १९८०च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या ‘कलरकिन्स’ नावाच्या कापडी बाहुल्या. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंवर ज्या पिवळ्या पाट्या असत, तो पिवळा रंग जिथून निघाला ते गाव पाहायची इच्छा फार वर्षांची.

ईस्ट अव्हेन्यूवर कोडकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांचं १९०५ साली पूर्ण झालेलं घर आहे. १९४९पासून तिथं छायाचित्रणाचं संग्रहालय चालतं. काचेच्या छताच्या दालनात हत्तीचं भलंमोठं मस्तक टांगलेलं आहे. ईस्टमनच्या आफ्रिकेतल्या शिकारीची ती आठवण. मला ते आवडलं नाही. मी ब्राउनीपाशी जाऊन थांबलो.

१९०० साली एक डॉलरला विकलेला हा पुठ्ठ्याचा कॅमेरा. पामर कॉक्सच्या चित्रकथांतले ब्राउनी नावाचे बुटके तेव्हा मुलांच्या जिभेवर होते. कोडकनं त्यांचं नाव कॅमेऱ्याला दिलं आणि खोक्यावर त्यांची चित्रं छापली. कॅमेरा जपून ठेवला जायचा, खोकं फाटायचं. म्हणून आज चांगल्या स्थितीतलं खोकं मिळणं कॅमेऱ्याहून कठीण. संग्राहक खोक्यासाठी जीव का टाकतात, याचं उत्तर एवढंच आहे.

शहराच्या मध्यभागी कोडकचा एकोणीस मजली मनोरा आहे. १९८२च्या सुमारास या एका शहरात कंपनीची साठ हजारांवर माणसं कामाला होती. २०१२मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी त्यातून सावरली, फिल्म आजही इथंच तयार होते, पण त्या माणसांचं गाव आता राहिलेलं नाही. त्यांच्या घरातलं सामान जुन्या वस्तूंच्या दुकानांत येऊन पडलंय.

अशाच एका दुकानात मी दुपारभर रमलो. मालकीणबाई सत्तरीच्या. वडील कोडक पार्क या कंपनीच्या कारखान्यात फिल्मवर लेप चढवण्याच्या विभागात होते. तिथलं काम ठार काळोखात चाले, कारण उजेडाचा कण लागला तरी फिल्म वाया. “घरी दिवे गेले, तर आमचे बाबा तेवढे न अडखळता चालायचे,” बाई म्हणाल्या. वर्षाच्या बोनसची रक्कम हाती आली की गावातल्या मोटारींच्या दुकानांत कशी गर्दी उसळायची, तेही त्यांनी रंगवून सांगितलं. कंपनी हा बोनस १९१२पासून देत आली होती.

काचेखाली नोकरीच्या वर्षांचे बिल्ले मांडलेले होते. नखाएवढे. बाजारात त्यांना फारसा भाव नाही. माझ्या मते मात्र कोडकचं नाव असलेल्या साऱ्या वस्तूंत यांचा मान पहिला. बाकीचं गिऱ्हाईक ओढण्यासाठी बनलं, हे कुणीतरी कष्टानं मिळवलं.

“यातला वडिलांचा कुठला?”

“तो इथं नाही. तो विकायचा नाही.”

मग त्यांनी मागच्या फळीवरून एक कॅमेरा काढला. फिकट तपकिरी हॉक-आय. १९३० साली कोडकनं आपल्या पन्नाशीनिमित्त त्या वर्षी बारा वर्षांची होणाऱ्या अमेरिका-कॅनडातल्या मुलांना जवळपास पाच लाख कॅमेरे फुकट वाटले, त्यांतला हा. बाजूला सोनेरी कागदी शिक्का असतो. मुलांच्या हाताळण्यात तो झिजतो किंवा सोलला जातो. इथं तो अर्धा शाबूत होता, आणि आत पेन्सिलीनं एका मुलीचं नाव.

पूर्ण शिक्क्याचा नग मिळेपर्यंत थांबावं, असं आमच्यातले जाणते सांगतात. मला ते पटत नाही. या कॅमेऱ्यानं फोटो काढले गेले होते. बाईंनी सांगितली ती किंमत मी घासाघीस न करता दिली आणि बिल्ल्यांच्या काचेकडे वळलो. पंचवीस वर्षांच्या नोकरीचा एक बिल्ला त्यांनी मला स्वतः निवडून दिला.